अनिशाला सोडवायला आलेला टेम्पो

बसा आरामात, चहा घ्या. मी एका बाईचा जीव वाचवायला निघाले होते आणि त्या नादात स्वतःच्या नवऱ्याला जवळजवळ पोलीस चौकीत पोचवलं, त्याची हकीकत सांगते. हसायचं असेल तर हसा. आमच्याकडे तर अजूनही हसतात.

आधी माझ्या व्यसनाबद्दल सांगायला हवं. मी बोईसरला राहते, तारापूरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काम करते. दिवसभर बाटल्या, नमुने, रिपोर्ट. अशा माणसाला काहीतरी विरंगुळा लागतोच. कुणी मालिका बघतं, कुणी भिशी लावतं. मी जाडजूड काल्पनिक महागाथा वाचते. राजे, किल्ले, पंखवाले नाग, एकेक भाग उशीएवढा.

तर अशाच एका मालिकेत एक राणी होती. धाकटी राणी. राजा तिला लग्न करून आणतो, उत्तरेच्या बुरुजात ठेवतो, आणि पुढच्या भागात ती बाळंतपणात मरते. एवढंच. मोजून सात ओळी. त्याच पुस्तकात राजाच्या घोड्याला अख्खं प्रकरण आहे. घोड्याची आई कोण, आजी कोण, सगळं दिलंय. आणि या बाईला साधी आई पण नाही.

मला इतका राग आला म्हणून सांगू. त्या रागातच मी तिची गोष्ट लिहायला घेतली.

याला फॅन फिक्शन म्हणतात. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घ्यायची आणि आपल्या मनासारखं पुढे लिहायचं. फुकट, नुसती हौस. इंटरनेटवर असं लिहिणाऱ्या बायकांची आमची एक छोटी टोळी आहे. कुणी सांगलीची, कुणी नागपूरची, एक तर परदेशातली. पुस्तकवाल्यांनी कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या बायका आम्ही उचलून आणतो आणि त्यांना जगायला लावतो.

राणीचं मूळ नाव होतं अनिश्रा. पण मी लिहायचे ते फोनला बोलून. लॅबमधून आल्यावर चपात्या लाटता लाटता फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि बोलत सुटायचं, फोन आपोआप टाइप करतो. तो दर वेळी अनिश्राचं ‘अनिशा’ करायचा. शेवटी मीच शरण गेले. अनिशा तर अनिशा.

आता गाडी रुळावर येते.

माझ्या सासूबाई दातिवऱ्याला राहतात. समुद्राकाठचं गाव, पिढ्यान् पिढ्या मासेमारी. सासरे गेल्यावर होडी विकली, पण सासूबाई अजून मासळी सुकवतात, बाजार करतात. त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना बोईसरला आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, आराम करा, डोळ्यांत थेंब घाला, धुराजवळ जाऊ नका. म्हणजे स्वयंपाकघर बंद. ज्या बाईने आयुष्यात दुपारी पाठ टेकली नाही, ती डोळ्यावर पट्टी लावून आतल्या खोलीत पडून राहिली.

पडल्या पडल्या माणूस काय करणार? ऐकणार.

आणि भिंतीपलीकडून त्यांना काय ऐकू येत होतं? मी चपात्या लाटत फोनशी बोलतेय: “अनिशाने दार ठोठावलं. कुणी उघडलं नाही. पूर्णविराम. मी किती दिवस अशी राहू, ती म्हणाली. प्रश्नचिन्ह. त्याने मला माहेरी निरोपसुद्धा पाठवू दिला नाही. पूर्णविराम.”

पूर्णविरामांवरून तरी काही कळावं, असं तुम्ही म्हणाल. पण लाटण्याच्या आवाजात पूर्णविराम कुठला ऐकू येतोय? अनिशाचं रडणं मात्र स्पष्ट ऐकू यायचं, कारण ते मी रंगवून बोलायचे.

मला एक इशारा मिळाला होता, तो मी उडवून लावला. एकदा मी रिक्षात बसून असंच फोनशी बोलत होते. उतरताना रिक्षावाला म्हणाला, “दीदी, बुरा मत मानना. उस लड़की को मायके भेज दो.” मला वाटलं, वा, काय रसिक माणूस आहे. मी त्याला म्हणाले, “भेजूँगी भैया, अगले हफ़्ते.” आणि खुशीत घरी आले.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी मी सासूबाईंना चहा दिला. त्या पट्टीखालूनच म्हणाल्या, “अनिशा कशी हाय गं?”

मी हरखून गेले. मला वाटलं, नीलेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना माझ्या लिखाणाबद्दल सांगितलं असणार. लग्न झाल्यापासून या घरात माझ्या लिखाणाची कुणी विचारपूस केलेली नव्हती. मी स्टूल ओढून बसलेच.

“तशीच आहे, आई. अजून कोंडलेलीच.”

“जेवते का?”

“एक बाई ताट आणून देते. ती तेवढी बरी आहे.”

“आन् नवरा?”

“त्याला दुसरी आहे. शिवाय भावाशी वाटणीवरून त्याचं भांडण चाललंय. हिच्याकडे बघायला त्याला वेळ कुठाय?”

“आयबाप?”

“बाप गेला. आईचं तर कुणी नावच काढत नाही.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “कितवा म्हयना लागलाय म्हनलीस?”

“सातवा. आणि तेच तर, आई. बाळंतपणातच जाणार ती.”

“कोन म्हनतो?”

“ठरलेलंच आहे. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगल्यांना म्हायत हाय, आन् कुनी काय करत नाय?”

काय बोलल्या बघा. माझ्या मनातलंच. मला भरून आलं. मी म्हणाले, “आम्ही दोन-चार बायका करतोय ना आपापल्या परीने. मी तर ठरवलंय, तिला मरू द्यायचं नाही. पण नीलेशला हे सगळं फालतू वाटतं.”

“नीलेशला म्हायत हाय?”

“हो तर. तो म्हणतो, मरायचीच आहे तर मरू दे.”

यावर सासूबाई कुशीवर वळल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला वाटलं, गोष्टीत गुंतल्या. लेखिकेला याहून मोठी दाद कोणती?

पट्टी निघाली, डॉक्टरांनी जायची परवानगी दिली आणि नीलेश त्यांना दातिवऱ्याला सोडून आला. येऊन म्हणाला, “आये वाटेत एक अक्षर बोलली नाही. माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी कुणाचा खून केलाय.” मी म्हटलं, नवीन डोळ्याने बघतेय, सवय व्हायला वेळ लागेल.

पुढच्या रविवारची सकाळ. नीलेश दुसऱ्या एका कंपनीत बॉयलरवर आहे. तो नाइट करून येऊन झोपला होता. मी केस धुऊन गॅलरीत उभी. खाली मासळीचा टेम्पो येऊन थांबला. मागच्या बाजूने बर्फाच्या पेट्यांमधून दोन बायका उतरल्या. एक माझ्या सासूबाई. दुसरी त्यांची शेजारीण यमुनाकाकी. पुढच्या सीटवरून तिसरी उतरली, ती यमुनाकाकींची मुलगी रंजना. रंजना पालघरला पोलिसात आहे. त्या दिवशी सुट्टीवर होती, पंजाबी ड्रेस घातलेला, पण चाल पोलिसाचीच.

तिघी वर आल्या. यमुनाकाकींच्या हातात बर्फात घातलेली मोरी मासळी आणि एक कापडी पिशवी. सासूबाई दारातच म्हणाल्या, “चल. चपला घाल.”

“कुठे?”

“अनिशाकडं. तिला घेऊन जायचं हाय.”

यमुनाकाकी पिशवी दाखवत म्हणाल्या, “दोन गाऊन हायेत, पोराची दुपटी हायेत. आमच्या मागच्या खोलीत तिची सोय केलीय. पंखा लावलाय नवा. आन् ही मोरी आनलीय, बालंतीन झाल्यावर दूद चांगलं येतं. आता खाल्ली तरी काय वाईट नाय.”

रंजनाने विचारलं, “वहिनी, पत्ता सांगा. घाबरू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही.”

आता कल्पना करा माझी काय अवस्था झाली असेल. एका क्षणात सगळं डोळ्यांसमोर आलं. चहा, स्टूल, सातवा महिना, मरू दे.

“आई,” मी म्हणाले, “अनिशा नाही.”

“नाय म्हंजे? गेली?” यमुनाकाकींनी पिशवी छातीशी धरली.

“नाही, तशी नाही. म्हणजे ती नव्हतीच. ती खरी नाही.”

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. रंजना माझ्या सासूबाईंना हळूच म्हणाली, “काकी, दबाव दिसतोय.”

सासूबाईंनी माझा हात धरला आणि मला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. बाही वर सरकली. मनगटाच्या वर माझ्या हाताला भाजल्याचा डाग होता. त्यांनी तो ऑपरेशन झालेल्या डोळ्याने जवळून बघितला.

“हे काय?”

“लॅबमधल्या ओव्हनचा चटका आहे, आई.”

त्यांनी डागावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “मला घरात निजल्या निजल्याच वाटलं व्हतं. दुसरीचं म्हनून सांगतेस, पन अनिशा म्हंजे तूच.”

मी नाही नाही म्हणत होते. पण तुम्हीच सांगा, नवऱ्याच्या जाचातली बाई दुसरं काय म्हणते? ती पण नाही नाहीच म्हणते. जितकं नाकारावं तितकी मी जास्त अनिशा होत होते.

सासूबाई उठल्या आणि बेडरूमचं दार ढकललं. मागोमाग आम्ही सगळ्या.

“नीलेश. उठ.”

नीलेशने चादरीतून डोकं काढलं. आई, शेजारीण, पोलीस आणि बायको अशी रांग बघून तो उठून बसला. “आये, तू कधी आलीस?”

“अनिशाला मरू दे म्हनलास का?”

नाइट करून आलेला माणूस. झोपेत खोटं तरी कसं बोलणार? तो म्हणाला, “अनिशा? हो, म्हणालो असेन. किती दिवस चाललंय तिचं.”

रंजनाने पर्समधून मोबाईल काढला.

“दुसरी कोन हाय तुजी?” सासूबाईंनी विचारलं.

“दुसरी काय?”

“बायकोला माहेरी निरोप धाडू देत नाय?”

“तिची आई पालघरला राहते, आये. दिवसातून चारदा फोन करते.”

“आन् वाटनीवरनं भावाशी भांडतोस?”

नीलेशने डोळे चोळले. “मला भाऊ कुठाय?”

आता नीलेशला भाऊ नाही, ही गोष्ट सासूबाईंपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्या विचारात पडल्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मागून यमुनाकाकी म्हणाल्या, “व्हय गं, तुला तर एकच पोरगा. आन् हिला तरी कुटं सातवा दिसतोय?”

ती फट मी सोडली नाही. धावत जाऊन फोन आणला, गोष्ट उघडली आणि पलंगाच्या काठावर बसून मोठ्याने वाचायला लागले. बुरुज, दार, ताट आणणारी बाई. मग राजा आपल्या पंखवाल्या नागावर बसून धाकट्या भावाच्या किल्ल्याकडे उडतो, तिथे मी थांबले.

यमुनाकाकींनी नीलेशकडे बघितलं. “याच्याकडं तर स्कूटरच हाय.”

पहिली हसली ती रंजना. मग यमुनाकाकी पदर तोंडाला लावून जमिनीवरच बसल्या. नीलेशला अजून काहीच कळलेलं नव्हतं, पण आपण सुटलो एवढं कळलं, म्हणून तोही हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी नीलेशला विचारलं, “मंग ही बोलते ते काय, हे तू मला कवा सांगितलं नाय?”

“मी सांगितलं होतं ना, ती ऑफिसचं काम करते.”

“मंग ऑफिसचं काम करताना कोन रडतं?”

तो उठून तोंड धुवायला गेला.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. सासूबाई आणि काकी सकाळचा बाजार सोडून आल्या होत्या. रंजनाची महिन्यातून एखादीच मिळणारी सुट्टी. टेम्पोवाल्याला खोटं काहीतरी सांगून थांबवलं होतं. मी म्हणाले, “आई, माझं चुकलं. मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, की तुम्हाला काय समजलंय. काकी, तुमचा दिवस फुकट गेला.”

यमुनाकाकी म्हणाल्या, “दिवसाचं ऱ्हाऊ दे. मला सांग, ती मेली का नाय?”

“पुस्तकात मेली. माझ्या गोष्टीत अजून जिवंत आहे.”

“मंग तू काय करनार हायेस तिचं?”

मी माझा बेत सांगितला. अनिशा बुरुजात लपून तलवार चालवायला शिकते, बाळ झाल्यावर राजाला आव्हान देते, वगैरे. आमच्या टोळीत हा बेत फार आवडला होता.

“सातव्या महिन्यात तलवार?” यमुनाकाकी म्हणाल्या. “आदी तिला तितनं काढ. बालंतीन होऊ दे. तलवार मागनं शिकंल.”

रंजनाचं म्हणणं पडलं, ताट आणणारी बाई आपल्याकडे वळवायची, चाव्या तिच्याकडेच असणार. सासूबाई पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, “समुद्र हाय का जवल?”

“आहे. बुरुजाच्या खालीच.”

“मंग टेम्पो कशाला? होडी लावा.”

तर अशी गंमत. मोरीचं कालवण चुलीवर, म्हणजे गॅसवर, आणि आमच्या स्वयंपाकघरात एका राणीला पळवायचा कट. भरतीची वेळ साधायची, दिवा लावायचा नाही, वल्ही मारताना आवाज होऊ नये म्हणून काय करायचं, कुठल्या बाजूला खडक असला तर होडी कशी फिरवायची. नीलेश भात वाढता वाढता म्हणाला, “पण राजाचा नाग उडत आला तर?” त्यावर यमुनाकाकी म्हणाल्या, “तू जेव. तुजा ह्यात संबंद नाय.”

जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते. सासूबाई शेजारी उभ्या राहून पुसून ठेवत होत्या. मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

“आई, समजा ते खरं असतं. मीच अनिशा असते, आणि नीलेशने खरंच मला त्रास दिला असता. मग?”

त्यांनी हातातलं पातेलं पुसून उपडं घातलं.

“मंग काय? खोली तयार व्हतीच. तू गेली असतीस आमच्यासंगं.”

“आणि नीलेश?”

“तो ऱ्हायला असता इकडं. हाताने करून खाल्लं असतं.” मग म्हणाल्या, “पोरगा माजा हाय म्हनून काय झालं? यमुनाला मी म्हनलंबी व्हतं, पंखा चांगला लाव, माजी सून हाय, तिला उकडतं.”

म्हणजे बघा. गावातून निघतानाच त्यांच्या मनात होतं, की ती मीच असेन. माझ्याकडून एक शब्द न मागता, खरं-खोटं न विचारता, त्या पोटच्या मुलाच्या विरोधात पोलीस घेऊन टेम्पोत बसल्या होत्या. बर्फाच्या पेट्यांवर, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला रुमाल बांधून.

साबणाचे हात होते, त्याच हातांनी त्यांना धरलं. “लुगडं भिजवलंस,” एवढंच त्या म्हणाल्या, पण बाजूला झाल्या नाहीत.

त्या आठवड्यात मी तलवारीचा बेत मोडला आणि नवं प्रकरण लिहिलं. भरतीच्या वेळेला होडी बुरुजाखाली लागते. होडीत कोळणी असतात. अनिशा त्यांना कधी भेटलेली नसते, आणि त्याही तिला ओळखत नसतात. त्या फक्त म्हणतात, चल. आमच्या टोळीत ते प्रकरण सगळ्यांत जास्त वाचलं गेलं. सांगलीच्या मैत्रिणीने विचारलं, अगं, एवढं खरं कसं काय सुचलं तुला? मी काय सांगणार? मला सुचलं कुठे होतं? ते टेम्पोने घरी आलं होतं.

अनिशाला मुलगी झाली. यमुनाकाकींनी फोन करून नाव सुचवलं, तेच ठेवलं.

मध्यंतरी एडवणला नात्यातली हळद होती. मांडवात बायकांचा घोळका बसला होता आणि मध्ये माझ्या सासूबाई अनिशाची गोष्ट सांगत होत्या. अशी सांगत होत्या की काय सांगू. दार ठोठावल्याचा आवाज पाटावर बोटं आपटून काढत होत्या. टेम्पो, रंजना, मोरी, नीलेशचं तोंड, सगळं आलं. बायका हसून लोळत होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसून वाट बघत होते, की आता माझं नाव येईल आणि सगळ्या वळून बघतील. आपण जरा लाजायचं कसं, याचीही तयारी केली होती.

एका म्हातारीने विचारलं, “पन तुला ही अनिशाची खबर दिली कुनी?”

सासूबाईंनी हात झटकला.

“घरात एक बाई फोनवर बोलत व्हती,” त्या म्हणाल्या, आणि पुढे यमुनाकाकींच्या पंख्याकडे वळल्या.